पायरीवरचे साडेतीन तास

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. त्या सकाळी मी त्याला पाहिलं होतं. सव्वाआठ वाजता तो फाटकातून आत आला, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि ओसरीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसला, तेव्हाच पाहिलं होतं. पुढे ज्यानं ज्यानं विचारलं त्याला मी सांगितलं की मला तो दिसलाच नाही. त्यालाही तेच सांगितलं, त्याच्या भाषेत.

चंद्रपूरच्या जुन्या गावात, परकोटाच्या आत आमचं घर आहे. अब्बा सुतार होते. खाली सागवानी दारं-खिडक्यांचं काम चालायचं, वर आम्ही राहायचो. ते गेल्यावर ते काम माझ्यानं झालं नाही. हात लाकडाला बसला नाही माझा. लग्न होऊन जायच्या आधी मुलीनं चार खोल्या रंगवून घेतल्या, अब्बांच्या कोरीव दारांचे फोटो काढले आणि इंटरनेटवर टाकले : जुन्या शहरात राहणं आणि सकाळचा नाश्ता. मला वाटलं होतं, कोण येतंय या गल्लीत. पण लोक आले. ताडोब्याला जाणाऱ्यांना हॉटेलापेक्षा घर बरं वाटतं म्हणे.

ते एक प्रकारचे पाहुणे. दुसरे इंटरनेटवरून येत नसत. ते आलापल्लीच्या पलीकडून, जंगलातल्या गावांतून यायचे. घरचं कोणी दवाखान्यात असलं की माझं घर विचारत यायचे आणि मागच्या खोलीत राहायचे, जिथे पूर्वी फळ्या रचलेल्या असत. त्यांच्याकडून मी काही घेत नव्हतो. ते मात्र रिकाम्या हातानं येत नसत, कधी पानाच्या पुड्यात चारोळी, कधी वाळवलेली मोहफुलं. तरुणपणी मी आलापल्लीला एका लाकडाच्या ठेकेदाराकडे मुनशी होतो, बारा वर्षं. लठ्ठे मोजायचे, वहीत चढवायचे, मजूर आणायला गावोगाव फिरायचं. तिथंच माडिया बोली शिकलो. शिकलो म्हणजे शिकावीच लागली.

त्या सकाळी पायरीवर बसला त्याचं गाव तिकडचंच, डांबरी रस्त्यापासून दोन तास आत, मध्ये नाला. एका श्रावणात मी मजूर सांगायला गेलो आणि मागे नाला चढला. आठ दिवस उतरला नाही. त्यात मला थंडीताप भरला. त्या आठ दिवसांत त्यानं आणि त्याच्या बायकोनं मला त्यांच्या घरात ठेवलं. ती मला आंबील पाजायची. मी नको म्हटलं की माझ्यासमोर उकिडवी बसायची आणि वाळल्या भोपळ्याचा डवला, म्हणजे पळी, माझ्या तोंडाशी धरून ठेवायची. हात दुखला तरी खाली घ्यायची नाही. शेवटी मीच हरायचो.

बरा झाल्यावर मी शेजारच्या एका घरी निरोप द्यायला गेलो आणि आपल्या सवयीनं अंगणातूनच ओरडलो, "अरे, आहे का कोणी घरात?" त्यानं मला दंडाला धरून मागे ओढलं. त्यांच्याकडे दुसऱ्याच्या घरी जाऊन आवाज द्यायचा नसतो. अंगणाच्या कडेला बसायचं. घरातलं माणूस पाहतं, आधी पाणी आणून देतं, मग विचारतं काय काम काढलं. मी म्हटलं, "आणि कोणी पाहिलंच नाही तर?" तो हसला. म्हणाला, "घरात माणूस असलं तर पाहीलच ना. न पाहायला ते काय म्हैस आहे?"

ती रीत मला ठाऊक होती. एवढं लिहून ठेवतो. पुढे जे झालं ते अडाणीपणानं झालं असं कोणी म्हणू नये.

चार वर्षांपूर्वी, दिवाळीनंतरच्या थंडीत, तो बायकोला घेऊन आला. तिचं पोट फुगलं होतं. गावात दोन दिवस गेले, मग बैलगाडी, मग जीप, मग बस. दवाखान्यात भरती केल्यावर संध्याकाळी तो मला न्यायला आला, कारण डॉक्टरचं तिला कळेना आणि तिचं डॉक्टरला. त्याला स्वतःला बाजारापुरती मराठी यायची, कितीले देतो, उद्या ये, एवढी. माडिया समजणारी एक सिस्टर तिथे होती, पण ती नेमकी सुट्टीवर.

मी गेलो. डॉक्टरनं सांगितलं की आतड्याला पीळ पडलाय, ऑपरेशन करावं लागेल, रात्रभर सलाईनवर ठेवून पाहतो, पण सकाळी निर्णय झालाच पाहिजे. मी ते सगळं तिला समजावलं. पोट उघडतील हे ऐकून तिनं तोंड भिंतीकडे केलं. तशीच म्हणाली, "आज रात्री विचार करते. सकाळी तू ये. तू पुन्हा सांग, तुझ्या तोंडून ऐकते, मग अंगठा देते. दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही."

डॉक्टर म्हणाला, "मी नऊ वाजता राउंडला असतो. तेव्हा या म्हणजे या. उशीर नको."

मी दोघांना सांगितलं, नऊला येतो.

त्या वेळी घरात पुण्याचे चौघं उतरले होते. दोन जोडपी, चाळिशीची, मोकळीढाकळी. त्यांची सफारी दुपारची होती, म्हणून सकाळ मोकळी. सव्वाआठला मी वरच्या खिडकीत उभा होतो. तो आत येताना पाहिला, बसताना पाहिला. आधी मनात आलं ते हे, की मागच्या दारानं का नाही आला.

त्याचं कारण असं. दोन महिन्यांपूर्वी नागपूरच्या एका पाहुण्यानं इंटरनेटवर लिहिलं होतं : घर सुंदर, नाश्ता उत्तम, पण आवारात खेड्यातले लोक बसलेले असतात, जरा अवघडल्यासारखं होतं. मुलीचा फोन आला. "अब्बा, उन लोगों को पीछे से आने को बोलो ना. बस इतना तो करो." तेव्हापासून मी त्या गावांतल्या सगळ्यांना मागचं दार दाखवत होतो. याला मात्र सांगायला जीभ रेटली नव्हती.

मी खाली आलो. ओसरीवर न जाता मधल्या दारानं सरळ जेवणाच्या खोलीत गेलो. मनाशी म्हटलं, यांना पोहे वाढतो आणि निघतो, दहा मिनिटांचं काम.

बायकोनं पोह्यांवर घालायला चण्याची झणझणीत तर्री केली होती, बाजूला कोथिंबिरीची सांबारवडी. त्यातल्या एकानं पहिल्याच घासाला डोळे पुसले.

"काका, हे पोहे आहेत की परीक्षा?"

"सायब, हे तं पोट्ट्यासोट्ट्यांसाठी केलेले आहेत. आमच्यासाठीचे वेगळे."

सगळे हसले. मग कॅमेरा गळ्यात असलेली ताई म्हणाली, "वाघ दिसेल ना हो आज?"

"ताई, तो आपल्याले पाहूनच राह्यलाय. आपण त्याले पाहो की नको, हे त्याच्या मनावर."

पुन्हा हशा. मला बरं वाटलं. किती बरं वाटलं हे सांगायलाच तर बसलोय. मी फारसा बोलणारा माणूस नाही. घरात, दुकानात, मशिदीत, कुठेही माझं बोलणं कोणी थांबून ऐकलेलं नाही, आणि त्यात कोणाची चूक नाही, मी तसं कधी बोललोच नाही. त्या सकाळी चार शिकलेली माणसं हातातले चमचे थांबवून माझ्याकडे पाहत होती.

साडेनऊच्या सुमारास बायको स्वयंपाकघरातून बाहेर डोकावली. "आपको दवाखाने जाना था ना?"

"जाऊन राह्यलो. यांचं होऊ दे."

तिला तो पायरीवर असल्याचं माहीत नव्हतं. स्वयंपाकघर मागे आहे, तिथून ओसरी दिसत नाही. तिला दिसला असता तर ती त्याला पाणी देऊन, मला खुर्चीवरून उठवून त्याच्याबरोबर धाडूनच आत गेली असती.

त्यांनी आलापल्लीचं विचारलं. मी सांगू लागलो. इतकी जाड सागाची झाडं, की दोघांनी हाताला हात जोडले तरी कवेत येत नाहीत. मग नाला चढल्याची गोष्ट. आठ दिवस. ताप. आणि मी तिची गोष्ट सांगितली. उकिडवी बसून डवला कसा धरायची, ते करून दाखवलं. त्या ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला ते पाणी दिसलं आणि मी आणखी रंगवून सांगितलं. नव्हतं तेही दोन शब्द घातले. बाई तिकडे दवाखान्यात दाराकडे डोळे लावून पडलेली होती, आणि मी तिच्या हातच्या आंबिलीवर इथे वाहवा घेत होतो.

मग त्यांच्या रीतीचं सांगितलं. आवाज द्यायचा नाही, अंगणात बसायचं, घरच्यानं पाणी आणायचं. "काय सुंदर आहे हे," एक जण म्हणाला. "आपल्याकडे बेल वाजवून वाजवून बोट दुखतं."

ती ताई खिडकीशी गेली होती. तिथून म्हणाली, "काका, मग ते बाहेर बसलेत ते कोण? मघापासून बसलेत. त्यांना काही हवंय का?"

खोलीत सगळे माझ्याकडे पाहत होते. मी उठून खिडकीकडे गेलोही नाही.

"नाई नाई. तो आमचाच माणूस आहे. आवार झाडतो."

"असं होय," ती म्हणाली. ती बाहेर गेली आणि तिनं त्याचा फोटो काढला. अब्बांनी कोरलेलं मोठं दार, त्याच्या पुढे पायरीवर तो, गुडघ्यांवर हात, तोंडावर ऊन. तिनं त्याला नमस्कारही केला. त्यानंही हात जोडले. त्याला वाटलं असावं, घरातलं माणूस आलं, आता पाणी येईल.

तेव्हा दहा वाजून गेले होते. मी तेव्हा का उठलो नाही? उठलो असतो, त्याच्याशी त्याच्या बोलीत बोललो असतो, तर आत्ताचं खोटं त्या चौघांसमोर उघडं पडलं असतं. एवढंच कारण. दुसरं काही शोधून पाहिलं, सापडलं नाही. नंतर त्यांना अब्बांची हत्यारं पाहायची होती, ती दाखवली. दरवाज्याच्या वेलबुट्ट्या दाखवल्या, पण आतल्या बाजूनं. पावणेबाराला त्यांची गाडी आली. ते फाटकाबाहेर पडल्यावर मी पाण्याचा तांब्या घेऊन ओसरीवर आलो.

"तू केव्हा आला?" मी विचारलं.

"झाला थोडा वेळ," तो म्हणाला. पाणी प्याला. मग म्हणाला, "चल. ती वाट पाहते."

"तू मला दिसलाच नाहीस. आत होतो मी. आतून ही पायरी दिसतच नाही."

त्यानं पायरीकडे पाहिलं, मग खिडकीकडे. चपला पायात घातल्या.

दवाखान्यात गेलो तेव्हा ती शुद्धीत नव्हती. वॉर्डातल्या दुसऱ्या सिस्टरनं सांगितलं, सकाळी डॉक्टर दोनदा येऊन गेले. कागद पुढे केला की हात झटकायची, कोणी जवळ आलं की ढकलायची, आणि दाराकडे पाहायची. सिस्टर माझ्यावर चिडली, "बोलणारं माणूस येते म्हून सांगितलं होतं ना तुमी? काऊन नाई आले?" मी म्हटलं, माझ्या ध्यानातून गेलं. तिला वेगळं कारण, त्याला वेगळं. त्यानं अंगठा दिला, तिला आत नेलं. दुसऱ्या दिवशी जेवणवेळेच्या आधी ती गेली.

नऊला पोचलो असतो तर ती वाचली असती का? मला माहीत नाही. डॉक्टर त्यानंतर दोनदा माझ्यासमोर उभा होता. मी विचारलं नाही. हो म्हणाला असता तर काय करायचं हे मला माहीत नव्हतं, आणि नाही म्हणाला असता तर मी त्यावर झोप काढली असती, एवढी लाज मला तेव्हा शिल्लक होती.

गाडी करून दिली. आलापल्लीपर्यंत मीही बसलो. मागे ती, तिच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी.  मग तो आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाला, "मी सगळ्यात खाली बसलो. वरच्या पायरीवर बसलो असतो तर दिसलो असतो तुला."

मी "हं" म्हणालो.

त्या "हं"नं तो साडेतीन तासांचा सगळा भार त्याच्याकडे सरकला. मला कळलं सरकताना. मी सरकू दिला.

आठवड्याभरात पुण्याच्या ताईनं इंटरनेटवर आमच्याबद्दल लिहिलं. वाघ दिसला नाही, पण या घरानं सगळं भरून काढलं. यजमान काका म्हणजे गोष्टींची खाण. आणि खाली त्याचा फोटो : या घरासारखाच शांत, इथला जुना सेवक. मुलगी खूश झाली. त्या फोटोनंतर पाहुणे वाढले. आजही येणारे विचारतात, "ते फोटोतले आजोबा कुठेत?" मी म्हणतो, गावी गेले. काढून टाका असं त्या ताईला दोन ओळींत कळवता आलं असतं. पण ती का म्हणून विचारेल.

त्यानंतर तो कधी आला नाही. मागची खोलीही हळूहळू रिकामी राहू लागली. मी कोणाला नाही म्हटलं नव्हतं, पण त्या गावांत काहीतरी बोललं गेलं असणार. मला वाटलं, कळलं असेल त्यांना. भीती वाटली, आणि थोडं हलकंही वाटलं. पण तसं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात त्याचा मोठा मुलगा कसल्याशा दाखल्यासाठी चंद्रपूरला आला. पस्तिशीचा असेल, आश्रमशाळेत शिकलेला, मराठी चांगली. फाटकातूनच त्यानं हाक मारली, "भाऊ, आहे का घरी?" मी त्याला आत बसवलं, पोहे दिले. बाप कसा आहे विचारलं.

"आहे. वेगळा राहते."

"काऊन?"

"आमीच म्हटलं." त्यानं ताटलीत बोट फिरवलं. "राग नका मानू भाऊ, तुमच्या घराची गोष्ट आहे. माय मरून राह्यली होती आन् हा तुमच्या पायरीवर बसून राह्यला. अर्धा दिवस! अरे, उठून दार वाजव ना बाबा. शहर आहे ते. मी त्याले म्हटलं, तूच मारलं मायले. लहाना तर त्याच्याशी बोलतच नाई."

"तो काय म्हणते?"

"काय म्हणीन? म्हणते, हो, माझंच चुकलं, खाली बसलो. आता तर त्याचं वेगळंच झालं. कोणाच्याही घरी गेला का रस्त्यावरूनच बोंबलते, मी आलो, मी आलो! लहान पोरं त्याच्या मागं तसंच ओरडत फिरतात." तो हसला, मग थांबला. "तुमाले तर दिसलाच नसन तो. तुमी आत होते ना."

हा प्रश्न नव्हता. मला उत्तरही द्यायचं नव्हतं, फक्त नाही म्हणायचं होतं. नाही, मी पाहिलं होतं. चार शब्द. बायको दारात उभी होती, चहाचा ट्रे घेऊन. मी तिच्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं.

"तर्री घे अजून," मी म्हटलं.

त्यानंतर एकदा मी आलापल्लीच्या बसमध्ये बसलो. बायकोला सांगितलं, जुन्या ठेकेदाराच्या घरी लग्न आहे. आलापल्लीला उतरलो. त्या गावाकडे आता नाल्यावर पूल झालाय, जीप सुटतात, टपरीवर उभं राहून मी तीन जीप जाऊ दिल्या. चौथीवाला म्हणाला, "काका, बसता का नाई? का नुसतेच पाहून राह्यले?" मी परतीच्या बसमध्ये बसलो. भद्रावतीच्या एका माणसाशी रस्ताभर कोळशाच्या धुळीवर बोलत आलो.

मुलाचा नंबर माझ्याकडे आहे. गावात रेंज नसते, पण तो आठवड्याला बाजाराला येतो तेव्हा फोन लागतो. म्हणजे बाजाराच्या प्रत्येक दिवशी मला सांगता आलं असतं. हे आज इथे लिहिलं म्हणून काही फिटत नाही, हे मला समजतं. त्याला वाचता येत नाही. त्याच्या मुलांपर्यंत हे पोचेल असं मला वाटत नाही. मला माझी ओळख आहे. मी जाईन असंही आता छातीवर हात ठेवून सांगवत नाही, आणि त्याचं वय होत चाललंय.

जे बाकी आहे ते एवढंच आहे. त्याच्या गावात जाऊन, त्याच्या दोन्ही मुलांसमोर आणि त्याच्यासमोर, त्याच्या बोलीत मला सांगायचं आहे की तो बरोबर जागी बसला होता, आणि मी त्याला पाहिलं होतं.